डंकावरच्या खोलीतले ढग

ताई, परवा दुपारी लाइट गेली होती. खाली मिरची कांडायचा डंक बंद होता. तरी मला खोली हलल्यासारखी वाटली आणि मी सवयीनं तुझ्या खुर्चीकडे बघितलं. खुर्ची स्थिर होती. कॉम्प्युटरचा पडदा काळा होता. मग माझ्या लक्षात आलं की हलत होता तो माझाच पाय.

तू गेल्यावर मला अनेकांनी सांगितलं की काहीतरी लिही, मन मोकळं होईल. तसं होईल असं वाटत नाही. मी लिहिते आहे, कारण तुझ्या आईनं मला एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर मला तुझ्याशी बोलल्याशिवाय सापडणार नाही.

ही खोली आपण दोघींनी घेतली तेव्हा घरमालकानं खाली काय आहे ते सांगितलंच नव्हतं. पहिल्याच सकाळी खालच्या रफीकमामांनी मिरची कांडपाचा डंक सुरू केला आणि फरशी थरथरायला लागली. मी घाबरून कॉटवर चढले. तू मात्र शिंकत शिंकत हसत होतीस. "मोठ्या सिम्युलेटरला हलवायला खाली यंत्रं बसवावी लागतात, रेश्मे. आपल्याला मिरची पुरते की!"

तेव्हा मला सिम्युलेटर म्हणजे जमिनीवर बसून उडवायचं खोटं विमान, हेही माहीत नव्हतं. राधानगरीकडच्या गावातून मी कॉलेजसाठी आलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे कुणाला काही विचारायचं म्हटलं की आधी घशात अडकायचं. तू कागलची. विमान चालवायचा परवाना असलेली, ढगात नुसते काटे बघून उडायचीही परीक्षा पास झालेली, आणि नोकरी नाही म्हणून कोल्हापुरात क्लासला गणित शिकवणारी. घरी राहायला तुला नको होतं. येईल तो पाहुणा विचारायचा, "पोरगी पायलट हाय न्हवं? मग घरात कशी?"

ढगातलं उडणं हातातून लवकर निसटतं, असं तू सांगायचीस. एकदा आलं की आलं, असं म्हणायला ते पोहणं नव्हे. रोज काटे बघत राहिलं नाही, तर डोळे कुठल्या काट्यावरून कुठल्या काट्यावर जायचं ते विसरतात. खरं विमान रोज कुठून आणायचं? म्हणून हा कॉम्प्युटर, विमान वळवायची ही दांडी, आणि तुझ्या भावानं, संदीपदादानं, शिरोलीच्या कारखान्यातल्या भंगारातून वेल्डिंग करून दिलेली पायाखालची दोन पेडलं. डावं पेडल अजूनही कुरकुरतं. या खोलीतले तास कुठं नोंदवता येत नाहीत, हे तूच मला पहिल्यांदा सांगितलंस. परीक्षा द्यायची ती खऱ्या विमानात, नाहीतर मान्यता असलेल्या मोठ्या सिम्युलेटरवर. "हे फक्त हात आणि डोळे जागे ठेवायला," असं तू म्हणायचीस.

माझं काम ढग घालायचं. तू खुर्चीत बसायचीस, मी बाजूला माउस घेऊन. तू म्हणशील तेवढा पाऊस, तेवढा वारा, तेवढे खाली आलेले ढग. पडदा करडा व्हायचा. वर करडं, खाली करडं, आणि समोर काट्यांच्या सहा गोल तबकड्या. त्यातल्या एकीत अर्धं निळं, अर्धं तपकिरी, मध्ये एक रेघ. तू त्याला नुसतं क्षितिज म्हणायचीस. "बाहेरचं क्षितिज गेलं की हे आपलं. ह्याच्यावर विश्वास ठेवायचा, अंगावर नाही."

विमानतळावरून वैमानिकाशी बोलणारा माणूसही मीच व्हायचे. पहिल्या दिवशी मला काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, विमान आलंय, विचार काहीतरी. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणाले, "पावणं, कुठनं आलासा?" तू इतकी हसलीस की विमान एका पंखावर कलंडलं. मग एकेक इंग्रजी वाक्य तू माझ्याकडून घोकून घेतलंस. चुकलं की म्हणायचीस, "मोठ्यानं चूक. हळू बोललेलं वर ऐकू येत नाही." कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा न अडखळता बोलले, ते तुझ्या विमानाशी बोलून बोलून. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं होतं.

विमान उतरवताना मी उंची वाचायचे. ठरलेल्या उंचीपर्यंत धावपट्टीचे दिवे दिसले तर खाली, नाही दिसले तर जोर लावून पुन्हा वर. तुझं काही चुकलं, विमान डोंगराला लागलं किंवा शेतात गेलं, तर पडदा गोठायचा. तू बोटं मोडायचीस आणि म्हणायचीस, "परत लाव."

मी परत लावायचे. पुन्हा तेच ढग. पुन्हा तीच उंची. कधी कधी एका दुपारी तू इतक्या वेळा मरायचीस, की खालून मसाला घ्यायला आलेल्या बायका वर ओरडायच्या, "काय गं, काय पाडतासा वर?" आणि तू खिडकीतून सांगायचीस, "विमान, मावशी!"

हे आठवून मला आता हसू येत नाही.

मला नीट सांगता येतं का बघते. कागद कुठे ठेवायचा, इथून आपला वाद सुरू झाला. उतरायच्या वाटेचा नकाशा असतो, त्यावर उंच्या, दिशा सगळं. टेबलावर पडदा आणि दांडी बसली की हातभरही जागा उरायची नाही. म्हणून तो कागद तू डाव्या पायाजवळच्या ट्रंकेवर ठेवायचीस. दर थोड्या वेळानं मान खाली, डावीकडे, मग झटक्यात वर. खुर्ची तर जागची हलत नव्हती. कुणाला त्यात काय वाटणार?

मलाही काही वाटलं नसतं. पण प्राणिशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर कानाची आकृती काढली. आत तीन वाकड्या नळ्या, त्यांत पाणी. आपण वळलो की पाणी मागे राहतं, म्हणून वळल्याचं कळतं. पण एकसारखं वळत राहिलं की पाणीही बरोबर फिरायला लागतं, आणि मग आपण वळतोय हेच कळेनासं होतं. त्यात मान खाली घातली, की सगळी गडबड. आकृती वहीत उतरवताना मला तुझी ट्रंक दिसायला लागली. खरं विमान वळत असताना तू तशीच मान खाली घातलीस तर?

त्या दुपारी मी तुला खाली रफीकमामांच्या ऑफिसात नेलं. त्यांची ती फिरती खुर्ची.

"मामा, खुर्ची जरा घेऊ का?"

"घ्या की. मोडली तर इमानातली खुर्ची आणून द्यायची, सांगून ठेवतो."

तू डोळे मिटून बसलीस. मी खुर्ची सावकाश, एकसारखी फिरवत राहिले. आधी तू गाणं गुणगुणत होतीस. मग म्हणालीस, "थांबवलीस काय गं?"

मी थांबवली नव्हती. खुर्ची तशीच फिरत होती. मामांनी माझ्याकडे बघितलं आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला.

मी म्हणाले, "आता मान खाली घाल. कागदाकडं बघतीस तशी. आणि वर."

तू मान खाली घातलीस, वर केलीस, आणि दोन्ही हात पुढे टाकून अशी कोसळलीस की मिरचीच्या पोत्यावर आडवी. "अगं ए, पोती फुटतील की!" मामा ओरडले. तू उठलीस तेव्हा तळहात लाल होते आणि तू हसत होतीस. मग हसणं थांबलं. तू भिंतीला हात लावून उभी राहिलीस, आणि भिंतीवरचा हात थोडा वेळ भिंतीवरच राहिला.

वर आल्यावर तू म्हणालीस, "विमान असं गरगर फिरत न्हाय."

"वळणात फिरतंच की. सावकाश."

"वळणात मी कागद बघत न्हाय."

"बघतीस, ताई."

"कधी बघितला?"

"काल. परवा. रोज."

मग हसत म्हणालीस, "तू अजून विमानात पाय ठेवला न्हाईस, आणि मला शिकवतीस व्हय?"

तू रागानं बोलली नव्हतीस, मला माहीत आहे. पण ज्या मुलीला तू मोठ्यानं चूक म्हणून शिकवलंस, ती त्या दिवशी बरोबर असूनही हळू झाली. वाद तिथंच राहिला. तो कधी पुरा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बोलण्याऐवजी दोरी बांधली. खिडकीच्या गजापासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत, पडद्याच्या बरोबर वर. तिला कपडे वाळवायचे चिमटे लावले आणि नकाशाचा कागद अडकवला, नजरेसमोर. तू क्लासवरून आलीस, बघितलंस आणि कपाळाला हात लावलास. "माझ्या कॉकपिटात आता चड्ड्या वाळत घालणार काय?"

पण बसलीस. कागद वरच राहू दिलास. मी ढग घातले, तू वळण घेतलंस, आणि वळणात तुझी मान खाली, डावीकडे गेली. तिथं ट्रंकच नव्हती. मी ती आधीच कॉटखाली सरकवली होती. रिकाम्या फरशीकडे बघून तुझी मान परत वर आली. तुला ते कळलंही नाही.

मला त्या दिवसापासून भीती वाटायला लागली. नुसती मानेची नाही. एकदा तू "दिसली" म्हणालीस, आणि पडद्यावर अजून सगळं करडंच होतं. धावपट्टी एका श्वासानंतर आली, तू म्हणालीस तिथंच. कोल्हापूरच्या विमानतळाच्या, उजळाईवाडीच्या, त्या धावपट्टीवर तू इतक्यांदा उतरली होतीस की ती तुला दिसायच्या आधी आठवायला लागली होती. मी विचार करत बसले, की ही खोली तुझे डोळे जागे ठेवतेय, का त्यांना झोपेत चालायला शिकवतेय?

आणि दुसरी बाजूही मला सांगायलाच हवी, नाहीतर मी खोटी ठरेन. नोकरीचं बोलावणं आलं तेव्हा तू कित्येक महिने खऱ्या ढगात गेली नव्हतीस. तरी तू परीक्षा दिलीस आणि पहिल्या फटक्यात पास झालीस. तुझा फोन आला. मागं वाऱ्याचा आवाज होता. "रेश्मे, झाली! परीक्षक म्हणाले, नजर अजून ताजी हाय. मी सांगितलं न्हाय त्यास्नी, मिरचीनं ताजी राहिलीय म्हणून." ती नजर या खोलीनं राखली होती. ते कुणी नाकारू शकत नाही.

तू कपडे न्यायला एकदाच आलीस. घाईत होतीस. दारात थांबून दोरीकडे बघितलंस, काहीतरी बोलणार असं वाटलं, तेवढ्यात खालून संदीपदादानं हॉर्न वाजवला. "येते गं," म्हणालीस. एवढंच.

मग ती बातमी. लांबच्या दुसऱ्या राज्यात, डोंगराजवळ, छोटं विमान. आत तू आणि तुमचे कॅप्टन, दोघंच. ढगात गेलं, ढगातून बाहेर आलं नाही. चौकशी चालू आहे. दांडी तुझ्या हातात होती का त्यांच्या, यंत्र बिघडलं का आणखी काही झालं, हे आज कुणालाच माहीत नाही, आणि मी ते माहीत असल्यासारखं लिहिणार नाही. पण खरं सांगते, बातमी ऐकली तेव्हा मला विमान दिसलं नाही, डोंगर दिसला नाही. तुझी मान खाली जाताना दिसली.

रक्षाविसर्जनाला कागलला गेले. गर्दीत तुमच्या भावकीतला एक माणूस दुसऱ्याला सांगत होता, "कॉम्प्युटरवर गेम खेळून शिकल्याली म्हणं. आन् बसली खऱ्या इमानात." संदीपदादा त्याच्या अंगावर धावला. लोकांनी धरलं. काकी, तुझी आई, मात्र जागच्या हलल्या नाहीत. नंतर त्यांनी मला गोठ्याच्या बाजूला नेलं आणि माझं मनगट धरलं.

"तू हुतीस न्हवं तिच्या संगं? मग सांग मला. त्या खेळानं माझ्या लेकीचा घात झाला का?"

मी म्हणाले, "काकी, मी येते. येऊन सांगते."

मी गेले नाही. कॉलेजला जायचे, यायचे, दोरीकडे बघायचे. ती काढायला हात होत नव्हता. मी तुझ्याशी मनात तोच वाद घालत होते, आणि तू प्रत्येक वेळी हसून तेच उत्तर देत होतीस.

शेवटी काल काकीच आल्या. जिना चढतानाच त्यांना ठसका लागला. मागून संदीपदादा. काकींनी पाणी घेतलं, खोली बघितली, तुझी कॉट बघितली. मग पदराच्या गाठीतून एक निळा चिमटा काढून माझ्यासमोर धरला.

"तिची पिशवी मिळाली त्यात हे हुतं. पायलटच्या पिशवीत कपड्याचा चिमटा कशाला गं?"

मी दोरीकडे बघितलं. तिथं एका चिमट्याची जागा रिकामी होती. इतके दिवस बघून मला ती दिसली नव्हती. तू दारात थांबलीस त्याआधीच तो तुझ्या पिशवीत गेला असणार.

म्हणजे तुला पटलं होतं, ताई. सांगितलं नाहीस. मला बसून जरा रडायचं होतं, पण काकी उत्तराची वाट बघत उभ्या होत्या. म्हणून मी त्यांना सगळं सांगितलं. ट्रंक, मान, मामांची खुर्ची, दोरी. परीक्षक काय म्हणाले तेही. काही लपवलं नाही. आणि शेवटी म्हणाले, "घात झाला का, मला म्हाईत न्हाय, काकी. ह्या खोलीनं तिचे डोळे राखले. कान राखता आले न्हाईत, कारण खुर्ची फिरत न्हाय. चिमटा तिनं विमानात लावला हुता का पिशवीतच हुता, तेबी म्हाईत न्हाय."

काकी बराच वेळ चिमट्याची स्प्रिंग दाबत, सोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "दाखव मला."

"काय?"

"तिला काय दिसत हुतं ते."

मी कॉम्प्युटर लावला. स्वच्छ ऊन ठेवलं, खाली उसाची शेतं, पंचगंगेचं वळण. काकींनी क्षणभर बघितलं आणि मान हलवली. "हे न्हवं. ढग घाल."

"आई, नको," संदीपदादा दारातून म्हणाला.

"तू गप. घाल गं."

मी ढग घातले. पडदा करडा झाला. काकी पुढे वाकल्या, डोळे बारीक केले, दुधावरची साय बाजूला करावी तसा हात पडद्यासमोरून फिरवला.

"ह्यात काय दिसतंय?"

"काय न्हाय."

"मग ती काय बघायची?"

मी क्षितिजाच्या तबकडीवर बोट ठेवलं. अर्धं निळं, अर्धं तपकिरी. काकींनी त्या रेघेकडे खूप वेळ बघितलं. विमान आपोआप पुढं जात होतं. खाली डंक पडत होता, काकींच्या ग्लासातलं पाणी हलत होतं.

"उतरव तिला," काकी म्हणाल्या.

"मला येत न्हाय, काकी. मी नुसते ढग घालते."

"उतरव."

तू कितीदा म्हणाली होतीस, बस की एकदा, शीक. मी दर वेळी नको म्हणाले. काल मी पहिल्यांदा तुझ्या खुर्चीत बसले. निळ्या चिमट्यानं कागद दोरीवर लावला. पाय पेडलांवर ठेवले, डावं कुरकुरलं. काकी मागं खुर्चीची पाठ धरून उभ्या. उंची वाचायला कुणी नव्हतं, म्हणून मीच मोठ्यानं वाचत होते, तू शिकवलंस तशी. रेघ कलली. मी सरळ केली. जास्त झाली, पलीकडं कलली. काटे एकमेकांपासून पळायला लागले. पडदाभर करडं, आणि अचानक खूप जवळ, खूप हिरवं काहीतरी. पडदा गोठला.

संदीपदादा जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज डंकात मिसळून गेला.

काकी माझ्या मागं उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. "लागलं असंल का गं तिला?" त्यांनी विचारलं. त्यांचा श्वास मला डोक्यावर जाणवत होता. मग खुर्चीच्या पाठीवरचा त्यांचा हात घट्ट झाला आणि त्या म्हणाल्या,

"परत लाव."

हा तुझा शब्द त्यांना कुणी सांगितला नव्हता. मी लावलं. ढग होते तेवढेच ठेवले, आणि मान वर धरली.